जेरंड की पार्टिसिपल? काही वाक्यांपाशी अडलंय, मदत हवी

नमस्कार मंडळी. ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या नववी-दहावीच्या मुलांचं इंग्रजी मी संध्याकाळी घेते. जेरंड (नामाचं काम करणारं क्रियापदाचं रूप) आणि पार्टिसिपल (विशेषणासारखं वर्णन करणारं रूप), दोघांच्या शेवटी 'आयएनजी'च, त्यामुळे मुलांची उत्तरं अंदाजपंचे दाहोदरसे.

म्हणून आधी मराठी करून बघायला सांगते. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' म्हणजे पोहणं, नाम, म्हणून जेरंड. 'रनिंग ट्रेन' ही धावती गाडी, पण 'रनिंग शूज' हे धावण्यासाठीचे बूट. बूट स्वतः धावत नाहीत. ठाणे स्टेशनातले 'वेटिंग पॅसेंजर्स' आणि 'वेटिंग रूम' म्हटल्यावर तर सगळ्यांनाच पटलं.

पण 'आय सॉ हिम क्रॉसिंग द ट्रॅक'ला मी पार्टिसिपल म्हटलं, तर एका मुलीने विचारलं, "त्याचं ट्रॅक ओलांडणं पाहिलं, असंही होतं ना?" आणि 'वी वेंट शॉपिंग'चं काय? तिला 'पाठ कर' असं सांगायचं नाहीये मला.

प्रतिसाद १:
ताई, वाक्य पॅसिव्ह करून बघा. 'ही वॉज सीन क्रॉसिंग द ट्रॅक' होतं. 'हिम' एकटा पुढे गेला, 'क्रॉसिंग' मागे राहिलं, म्हणजे ते त्याचं वर्णन करतंय: पार्टिसिपल. 'आय डिसलाइक हिज शाउटिंग'मध्ये 'हिज' आहे, म्हणजे पुढे नाम, जेरंड. बोलताना लोक तिथे 'हिम'ही म्हणतात, पण 'ही इज डिसलाइक्ड शाउटिंग' होत नाही, त्यामुळे तेही जेरंडच.

प्रतिसाद २:
'शॉपिंग'साठी थोडं मागे जावं लागेल. पूर्वी 'गो अ-हंटिंग' म्हणत. तो 'अ' म्हणजे झिजलेला 'ऑन'. प्रिपोझिशननंतर नाम येतं, म्हणून मुळात जेरंड. 'बिझी कुकिंग'मध्येही असाच 'इन' गळलाय. आजचे अनेक व्याकरणकार मात्र याला पार्टिसिपल म्हणतील. त्या मुलीची शंका अगदी रास्त आहे. जुन्या इंग्रजीत नामाला 'उंग' किंवा 'इंग' आणि विशेषणाला 'एंडे' असे वेगळे प्रत्यय होते, ते पुढे एक झाले. 2002च्या केंब्रिज व्याकरणाने तर दोन्हींना 'जेरंड-पार्टिसिपल' असं एकच नाव दिलं. तिला हे जरूर सांगा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार! पॅसिव्हची युक्ती उद्याच फळ्यावर घेते. 'इट्स नो यूज क्राइंग'ला 'रडण्यात अर्थ नाही' म्हणून जेरंड सांगितलंय, ते बरोबर ना?

प्रतिसाद १:
बरोबर. 'क्राइंग इज नो यूज' असं उलटवून दाखवा, नाम लगेच दिसेल.