चर्चा : कासवांसाठी लाखभर बकऱ्या मारणं बरोबर होतं का?

कातळवाट, राजापूर :
प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी सांतियागो बेटावरच्या आणि इसाबेला बेटाच्या उत्तर भागातल्या मिळून लाखाहून जास्त बकऱ्या २००६ पर्यंत मारून संपवल्या, बऱ्याचशा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. अनेकांना हे क्रूर वाटतं. माझ्या मते ते करायलाच हवं होतं.

ही बेटं ज्वालामुखीने समुद्रतळातून वर काढलेली. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरचा किनारा हजारेक किलोमीटर लांब, त्यामुळे तिथे पोचलं ते उडत किंवा तरंगतच. जमिनीवरचं महाकाय कासव अन्नपाण्याशिवाय महिनोन्महिने तगतं, म्हणून प्रवाहाबरोबर वाहत येऊनही जगलं. चरणारं मोठं सस्तन जनावर पोचलंच नाही, ती जागा कासवांनी घेतली. कोरड्या बेटांवर खाली चारा कमी आणि निवडुंग उंच. ज्यांची मान लांब आणि पाठीची ढाल पुढून उचललेली, त्यांना खायला मिळालं, त्यांचीच वीण वाढली. हे घडायला लाखो वर्षं लागली. पिंटा बेटावर १९५९ मध्ये मच्छीमारांनी तीन बकऱ्या सोडल्या. पंधरा वर्षांच्या आत त्यांच्या तीस हजारांवर झाल्या आणि कासवांचा चारा त्यांनी फस्त केला. पिंटाचं शेवटचं कासव, लोनसम जॉर्ज, २०१२ मध्ये मेलं.

बंदरावरचो, मालवण :
माका ह्यां पटूक नाय. पिंटाची कासवं बकऱ्यांच्या आधी कोणी संपवली? एकोणिसाव्या शतकात देवमासे मारणारी जहाजं जिवंत कासवं मटणासाठी भरून न्यायची. तो हिशेब बकऱ्यांवर का? आणि कासव तरी तिथलं कुठलं, वाहतच आलं ना? आधी आला तो घरचा, मागून आला तो परका, हे ठरवणारे आपण कोण?

कातळवाट :
जहाजांचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. फरक वेगाचा आहे. निसर्गाने एखादा जीव हजारो वर्षांतून एकदा आणून टाकला, तर बाकीच्यांना बदलायला पिढ्या मिळतात. बकऱ्यांनी ती सवड दिली नाही. इसाबेलावरच्या अल्सेडो ज्वालामुखीवर झाडं धुकं अडवायची, पानांतून पाणी ठिबकून खाली डबकी साचायची, त्यांत कासवं बसायची. बकऱ्यांनी झाडं खाल्ली, डबकी आटली.

शेळीवाली मावशी, लांजा :
माझं घर बकऱ्यांवर चालतं. त्या मोहिमेत एका मादीच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून तिला सोडत. बकरी एकटी राहत नाही, कळप शोधतेच. मग तिच्या मागावर जाऊन बाकीच्यांना मारत आणि तिला पुढचा कळप शोधायला जिवंत ठेवत. बाळा, झाडं वाचली असतील, पण हे वाचून माझा जीव कळवळला. सोडणारा माणूस, मरणारी बकरी. याला न्याय कसा म्हणू?

कातळवाट :
मावशी, न्याय मीही म्हणत नाही. पण लाव्ह्याच्या धारदार दगडांतून लाखभर बकऱ्या जिवंत पकडून आणणं शक्य नव्हतं.

निवतीकर :
वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, पण ही पाकोळी केरळात आणि श्रीलंकेतही आहे. किनारा जवळ असला की नवी जात सहसा घडत नाही. आपल्याकडे खरी बेटं म्हणजे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची एकमेकांपासून तुटलेली उघडी पठारं. दीपकाडी ही कंदाची रानफुलं देणारी वनस्पती जवळजवळ फक्त कोकणातल्या सड्यांवर उगवते. मग कातळवाट, तुमच्या न्यायाने सड्यावरची चराईही बंद करायची का?

कातळवाट :
नाही. सड्यावर गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आहेत आणि दीपकाडी त्यांच्या सोबतीने टिकली. पाला खाल्ला तरी कंद खाली राहतो. चिरेखाणीत मात्र कंदासकट कातळच उचलला जातो. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे मारतात, तिथेही तेच.

बंदरावरचो :
म्हणजे इथे बकरी निर्दोष आणि तिथे गुन्हेगार. मग बेटावर पुन्हा कोणी बकरी सोडली, तर पहिली गोळी चालवण्याआधी सोडणाऱ्याला पकडा, एवढं तरी मान्य करा.

शेळीवाली मावशी :
माझं मत ‘बंदरावरचो’च्या बाजूला.