मदत हवी आहे: सर्च जाहिरातीत 'रेसिपी'वाले क्लिक कसे अडवायचे?

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका फरसाणवाल्यांच्या नव्या वेबसाइटसाठी गुगलवर सर्च जाहिरात चालू केली आहे. रोजचं बजेट ३०० रुपये. (एखाद्या दिवशी ६०० पर्यंत जातात, ते ठीक, महिन्याला रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर घेत नाहीत.) डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट-अ‍ॅपवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गुगलबाहेरच्या शोध-साइट) बंद केलेत. लोकेशनही 'तिथे असलेले किंवा रस असलेले' वरून नुसतं 'असलेले' केलं, नाहीतर न्यू जर्सीत बसून वडोदऱ्याचा चिवडा शोधणाऱ्याच्या क्लिकचेही पैसे आपलेच.

अडलंय निगेटिव्ह कीवर्डपाशी (म्हणजे शोधात जे शब्द असले तर जाहिरात दाखवायची नाही ते). 'लीलो चिवडो' (इथला ओलसर चिवडा) हा कीवर्ड फ्रेज मॅचवर आहे, म्हणजे शोधात त्या अर्थाचे शब्द आले की आजूबाजूला काहीही असलं तरी जाहिरात दिसू शकते. पण सर्च टर्म्स रिपोर्टमध्ये, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्या यादीत, कसा बनवायचा, किती तळायचा हेच जास्त. 'रेसिपी' निगेटिव्हमध्ये टाकलं. पण निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत, त्यामुळे 'कृती', 'घरी बनवा' बिनदिक्कत आत येतात. त्यात इथे लोक गुजराती, मराठी, हिंदी तिन्हीत शोधतात, वर रोमन लिपीतही. यादी वाढतच चालली आहे.

अशी मिश्र भाषांची निगेटिव्ह यादी कुणाकडे तयार आहे का? आणि एका शहरापुरतं एग्झॅक्ट मॅचवर (फक्त नेमक्या त्याच अर्थाचा शोध) गेलं तर जाहिरात पुरेशी दिसेल का, की फ्रेजच ठेवून दर आठवड्याला रिपोर्ट चाळावा? कन्व्हर्जन (जाहिरातीचा उपयोग झाला असं धरायची खूण) म्हणून सध्या फक्त फोनच्या बटणावरचे क्लिक मोजतोय.