'डिस्क्लोजर'ला 'खुलासा' म्हणावं का?

प्रश्न : पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनाही आपापलं उत्पन्न, मालमत्ता, कर्जं, खर्च सांगणारं 'डिस्क्लोजर' ॲफिडेव्हिट द्यावं लागतं. बहिणीच्या मसुद्यात त्याचं मराठी 'खुलासा प्रतिज्ञापत्र' केलंय. मी तिथेच अडखळले. ऑफिसात साहेब 'खुलासा द्या' म्हणतात तेव्हा आपलं काहीतरी चुकलेलं असतं! योग्य शब्द कोणता?

१. 'खुलासा' नकोच. तो आरोपामागून येतो. इथे अर्जदार आणि सामनेवाला दोघांनीही द्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये याचे नमुने ठरवून दिले, त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा आहे. 'मत्ता व दायित्वे यांचे प्रतिज्ञापत्र' एवढं लिहिलं की 'डिस्क्लोजर' गाळूनही काही अडत नाही. क्रियापद हवंच असेल तर 'उघड करणे'.

२. 'उघड करणे'लाही गुपिताचा, नाहीतर पापाचा वास येतो. 'प्रकटन' बरं वाटतं, पण ते ऐकून देवच प्रकट व्हायचा. आणि 'जाहीर करणे' तर उलटंच, घरातले आकडे चव्हाट्यावर थोडेच मांडायचेत? लोक काय बोलतात ते ऐका : 'पगार दाखवला, घरभाडं लपवलं.' दाखवणे आणि लपवणे, जोडी तयारच आहे.

३. वकिली करतो म्हणून थोडं लांबण लावतो. 'दाखवणे' बोलण्यात झकास, पण कोर्टात दाखवणं, दाखल करणं आणि शाबीत करणं या तीन गोष्टी आहेत. पक्षकार पासबुकाची झेरॉक्स देतो आणि म्हणतो, 'झाला पुरावा!' नाही हो. कागद जातात फेरिस्तीसोबत, म्हणजे कागदांच्या यादीसोबत. समजा फेरिस्तीला निशाणी (कोर्टाचा क्रमांक) ५ पडली, तर आतले कागद ५/१, ५/२. त्यातला एखादा शाबीत झाला की मग त्याला स्वतःची निशाणी मिळते. कौटुंबिक न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ ने बरीच मोकळीक आहे. एरवी पुराव्याच्या नियमात न बसणारा कागदही वादाच्या निकालाला उपयोगी वाटला तर ते घेऊ शकतं. पण म्हणून 'घेतला' म्हणजे 'पटला' असं नव्हे.

देवाणघेवाणीचे आमचे शब्द मात्र अगदी साधे. अर्जाच्या कडेला समोरचा वकील 'प्रत मिळाली' लिहून सही करतो. त्यावर हुकूम होतो, 'सामनेवाल्याने म्हणणे द्यावे.' आम्ही त्या म्हणण्याला 'से' म्हणतो, ती खोड काही जात नाही. आणि मूळ दाव्याला लेखी उत्तर म्हणजे 'कैफियत'. ते ऐकून लोकांना गाऱ्हाणं वाटतं, तो वेगळाच विषय.

२ (पुन्हा). मग 'साक्ष' आणि 'पुरावा'?

३ (पुन्हा). साक्ष माणूस देतो, पिंजऱ्यात उभा राहून : आधी सरतपास (आपल्याच वकिलाचे प्रश्न), मग उलटतपास (समोरच्या वकिलाचे). पुराव्यात साक्षही आली आणि कागदही.

प्रश्नकर्ती : 'खुलासा' खोडून 'मत्ता व दायित्वे' केलं. बहीण पहिल्या दिवसापासून 'त्याने दुकान दाखवलंच नाही' म्हणतेय. मीच शब्दकोश उघडून बसले होते.