भोक न पाडता कॅम्पर गाडी आतून कशी सजवायची?

रंकाळ्याची_वहिनी

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही आणि आमच्या इचलकरंजीच्या दिरांनी मिळून एक जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घेतली. आधीच्या मालकानं ती आतून कॅम्पर करून घेतलेली. समोरासमोर दोन बाक, रात्री जोडले की पलंग, मागं ओटा आणि एवढंसं सिंक, वर कपाटं. दिरांची अट एकच: दोन-तीन वर्षांनी गाडी विकायची, तेव्हा आत एकही भोक दिसता कामा नये. अट रास्त आहे, त्यांचेही पैसे अडकलेत. पण आत बसलं की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं हो. फिकट लाकडी रंगाच्या भिंती, पांढरं छत, पांढरा दिवा.

एप्रिलमध्ये हौसेनं मी एक उद्योग केला. सासू-सासऱ्यांचा जोतिबाच्या डोंगरावरचा फोटो, काचेच्या फ्रेमसकट, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपनं बाकाच्या वर लावला. चार दिवस झकास राहिला. मग गाडी कळंब्याला भावाच्या मोकळ्या प्लॉटवर आठवडाभर उन्हात उभी होती. दार उघडलं तर फोटो बाकावर पालथा, काच फुटलेली, आणि टेपबरोबर भिंतीचा लाकडी रंगाचा पापुद्राही सोलून आलेला. चांगला पुरीएवढा. आतला प्लाय उघडा पडलाय. दिरांना अजून सांगितलेलं नाही. त्या जागी सध्या उशी टेकवून ठेवलीय आणि ते गाडीत आले की मीच तिथं बसते.

तर आता विचारूनच करते. अंबाबाईचा छोटा फोटो लावायचाय, पडदे हवेत, उलथनं-झारा-गाळणं अडकवायला काहीतरी हवं. आणि आमच्या ह्यांना घड्याळ हवंय, हॉलमध्ये असतं तसलं गोल. चौदा जूनला गगनबावड्यावरून मालवणला जायचंय.

पेठेतला_गडी

वहिनी, एक इंची खिळा घ्या आणि ठोका. विकताना पुट्टी भरायची, वर रंग मारायचा. कुणाच्या बापाला कळत नाही. एवढा काय विचार करायचा!

बॉडीफिटर_काका

पेठेतल्या गड्या, तुझ्यासारख्या गिऱ्हाइकांच्या जिवावर आमचं दुकान चाललं बघ. ३१ वर्षं बस-टेम्पोच्या बॉड्या बांधल्या, आता घरी बसून असले धागे वाचतो.

वहिनी, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ती भिंत म्हणजे भिंत नव्हे. घराच्या भिंतीत वीट असते, ती वजन घेते. तुमच्या गाडीत बाहेरचा पत्रा, मग लोखंडी पट्ट्या नाहीतर चौकोनी पाइपांचा सांगाडा, मधल्या पोकळीत थर्माकोल किंवा काचेचा कापूस, आणि आतून तीन-चार मिलिमीटरचा प्लाय, त्यावर रंगीत फिल्म. वजन घेतो तो सांगाडा. प्लाय नुसता झाकायला असतो आणि फिल्म दिसायला. तुमचा टेप फिल्मला चिकटला होता. फिल्म प्लायला जेवढी घट्ट धरून असते त्याहून जास्त घट्ट तो टेप फिल्मला धरतो. मग सुटायची वेळ आली की कोण सुटणार? फिल्मच.

खिळ्याचं म्हणाल तर त्या पोकळीतनं दिव्याच्या वायरी जातात, काही गाड्यांत पाण्याची नळीही. एका गिऱ्हाइकानं पडद्यासाठी स्वतः स्क्रू मारला, तो वायरीवर. फ्यूज उडाला म्हणून बरं. दुसऱ्याचा स्क्रू लांब होता, थेट बाहेरच्या पत्र्यातनं टोक निघालं. पावसाळ्यात तिथनं पाणी मुरलं, दसऱ्याला गाडी आणली तेव्हा प्लाय भिजलेल्या पापडागत झालेला. पुट्टीनं काय झाकता?

आता काय करायचं ते सांगतो. एक चांगला ताकदीचा लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरचाही चालेल. मोज्यात घाला, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, आणि भिंतीवर हळूहळू फिरवा. मधेच कुठं तरी तो ओढ घेईल. तिथं प्लायच्या मागं लोखंड आहे. पेन्सिलीनं बारीक खूण करा, पुढं-मागं, वर-खाली सगळा सांगाडा उमटतो. (आत ॲल्युमिनियमच्या पाइपा असल्या तर चुंबक काही बोलणार नाही.) ओढ चांगली असेल तर निओडिमियमचे चपटे चुंबक मिळतात, त्यांना मागं नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा लावा, आणि भिंत व चुंबक यांच्यामध्ये कापड धरा. कापडच हं, फ्रेम नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल तर मात्र हे चुंबक त्यांच्या उशापाशी नकोत, चांगले वीतभर लांब ठेवायचे.

दुसरं, जे स्क्रू आधीच मारलेत ते वापरा. खिडकीची बिडिंग म्हणजे कडेची पट्टी, कपाटाचे कब्जे, छताच्या दिव्याचं कडं, सगळीकडं स्क्रू आहेत आणि ते आधीच्या माणसानं सांगाडा बघून मारलेत. एक काढायचा, त्याच जाडीचा, फार तर दोन मिलिमीटर जास्त लांब असा घ्यायचा, खाली पितळी हुकाची पट्टी घालून परत आवळायचा. विकताना पट्टी काढली की जुना स्क्रू जागेवर. नवं भोक नाही, दिरांशी भांडण नाही. काढलेले स्क्रू डबीत ठेवा आणि कुठला कुठनं काढला ते लिहा, नाहीतर तीन वर्षांनी तुम्हीच मला फोन करत बसाल.

तिसरं, स्प्रिंगची दांडी. दोन कपाटांच्या मधे अडकून राहते ती. दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. आणि पिळताना जोर करू नका, कपाटाची बाजू पातळ असते, फुगते.

भाड्याची_खोली

काकू, मी राजारामपुरीत भाड्यानं राहते, घरमालकीण महिन्याला भिंती बघून जाते, त्यामुळं चिकटवायचे हुक हा माझा पीएचडीचा विषय आहे! काकांचं सगळं पटलं, फक्त हुकांबद्दल थोडं सांगते, कारण झाऱ्या-गाळण्याला तेच सोयीचे.

ओढून काढायच्या पट्टीचे हुक घ्या, कमांड नावानं मिळतात ते. फोमचा टेप नको. लावायच्या आधी भिंत आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, मेडिकलमध्ये मिळतं. काच पुसायचं निळं पाणी नको, त्याचा थर राहतो आणि पट्टी धरत नाही. ३० सेकंद दाबून धरायचं, मग तासभर काहीही अडकवायचं नाही. हा तास कुणीच थांबत नाही आणि मग पट्टीला शिव्या देतात. काढताना शेपूट आपल्याकडं ओढायचं नाही. भिंतीला समांतर, सरळ खाली, हळूहळू. पट्टी हातभर लांब होते आणि आपोआप सुटते.

पण दोन अडचणी. पाकिटावरच लिहिलेलं असतं की ४० अंशांच्या वर भरवसा नाही. उन्हात बंद गाडी त्याच्या कितीतरी वर जाते. तुमचा टेप तिथंच हरला असणार. दुसरं, कंपनीच सांगते की वॉलपेपरवर लावू नका. तुमची फिल्म त्याच जातीची आहे. म्हणून भिंतीवर लावूच नका! ओट्यामागं स्टीलचा पत्रा किंवा टाइल असेल तर तिथं, नाहीतर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. तिथंही आधी एका कोपऱ्यात एक लावून आठ दिवस बघा.

जुन्या टेपचा चिकटा राहिला असेल तर हेअर ड्रायरनं कोमट करा आणि दात साफ करायचा दोरा मागनं करवतीसारखा चालवा. उरलेल्यावर खोबरेल तेल, दहा मिनिटं, मग अंगठ्यानं चोळलं की वळ्या होऊन निघतं. नखानं खरवडू नका, पुरीची भाकरी होईल.

घाटवेडा

आमची कॅम्पर दर पावसाळ्यात राधानगरी-दाजीपूर बाजूला असते, म्हणून एक इशारा. उघडा पडलेला प्लाय झाकायला वहिनी आता चिकटवायचा वॉलपेपर आणतील बघा. अख्ख्या भिंतीला लावू नका. रात्री चार माणसं खिडक्या लावून झोपली की श्वासाची वाफ थंड भिंतीवर बसते. कागदाच्या मागं ती अडकते. आम्ही पहिल्या वर्षी हौसेनं केळीच्या पानांचा पेपर लावला, गणपतीत कोपरा उचलून बघितला तर मागं काळी बुरशी. वास तर आधीपासून येत होता, आम्ही तो सुक्या बोंबलाच्या पिशवीवर ढकलत होतो. कापड लावा, सुटं. दर मुक्कामाला काढून झटकता येतं. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.

व्हिडिओत दिसणाऱ्या अमेरिकन आरव्हींना, म्हणजे राहायच्या मोठ्या गाड्यांना, भुलू नका. तिथंही पुष्कळ गाड्यांच्या भिंती लुआन नावाच्या तीनेक मिलिमीटरच्या प्लायवर छापील कागद नाहीतर व्हिनाइल चढवून केलेल्या असतात. त्यांचंही रडगाणं तुमच्यासारखंच आहे, फक्त इंग्रजीत.

आणि काच गाडीत नकोच. ब्रेक लागला की भिंतीवरची प्रत्येक वस्तू पुढच्या माणसाच्या दिशेनं निघते. फोटोला ॲक्रिलिक घ्या.

रंकाळ्याची_वहिनी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालच मालवणहून आलो. काय काय केलं ते सांगते, म्हणजे पुढच्याला उपयोग.

मोज्यातला चुंबक घेऊन मी आणि पुतण्या दोन तास भिंती चाचपत होतो. शेजारच्या आजींना वाटलं गाडीची दृष्ट काढतोय. दर दीड-दोन फुटांवर उभी पट्टी सापडली. काका, पुरीच्या डाव्या कडेला एक बरोब्बर आहे! तिथं आणि पुढच्या पट्टीवर मिळून सहा चुंबक लावून आईची जुनी इरकल आडवी ताणली. काठ-पदर फाटका होता म्हणून नेसत नव्हते, अंग चांगलं आहे. हिरवं अंग, करवती काठ, गाडीचा रंगच पालटला. सोललेली जागा झाकली, दवाखाना गेला. सुरुवातीला चार चुंबक लावले होते तर करूळ घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर एक कोपरा सुटून ह्यांच्या डोक्यावर पदर आला. चालवत होता पुतण्या, म्हणून हसू आलं. वरच्या कडेला दोन वाढवल्यावर परत सुटली नाही. रात्री ओट्यावरची शेगडी पेटवायच्या आधी मात्र ओट्याकडचं टोक सोडून गुंडाळते.

पडद्यांना बिडिंगचे जुने स्क्रू वापरले, खिडकीला चार. वर तार आहेच, पण खालीही एक तार ताणली आणि पडदा दोन्हींत ओवला. हे माझं डोकं. नाहीतर वळणावर पडदे झोपाळ्यागत तोंडावर येतात.

अंबाबाईचा फोटो कुठंच चिकटवला नाही. कपाटाच्या पुढच्या कप्प्यात जाळीचा रबरी मॅट अंथरला, फोटोला खालून लाकडी पाट, आणि समोर स्प्रिंगची छोटी दांडी आडवी. दांडीवरून बघावं लागतं, पण देवी जागची हलली नाही. झारा आणि गाळणं कपाटाच्या दाराच्या आत हुकांवर. उलथनं पडलं. हुक नाही पडला, उलथनंच हुकावरनं उडी मारून खाली. आता त्याच्या मुठीला रबर गुंडाळलंय.

घोंगडी बाकावर टाकली होती, ती मात्र चूक. गगनबावड्याला एवढा पाऊस की दार उघडलं तरी आत धुकं. घोंगडीनं ओल धरली आणि दोन दिवस गाडीला मेंढरांचा वास. घाटवेडा, तुमच्या बोंबलाची आठवण झाली.

दिरांना सगळं सांगून टाकलं. मालवणात बांगडा खाताना सांगितलं, वेळ बघून. ते इरकल उचलून बघून आले, म्हणाले, "वहिनी, हे असंच राहू दे, विकताना साडीसकट देऊ." जाऊबाई म्हणाल्या, साडी देणार नाही.

एकच राहिलं. ह्यांचं घड्याळ. गोल, पावकिलोचं असेल. काका, ते कुठं लावू?

बॉडीफिटर_काका

खालच्या तारेची युक्ती आम्ही बसला करायचो, तुम्हाला आपणहून सुचली म्हणजे हाडाच्या फिटर आहात. फक्त तारेचा ताण महिन्याला एकदा बघा, सैल झाली की पडद्याची रिंग घासून बिडिंगला काळा पट्टा पडतो.

सोललेल्या जागेचं म्हणाल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्लायच्या फिल्मचे नमुने मिळतात, सुट्टं कापूनही देतात. भिंतीच्या सोललेल्या कडा ब्लेडनं चौकोनी करून तेवढाच तुकडा बसवा. पण पावसाळा संपू द्या, प्लाय पुरता सुकू द्या.

घड्याळाचं काय विचारता. मालकांना डॅशबोर्ड दाखवा, तिथं आहे एक.

रंकाळ्याची_वहिनी

ते बंद आहे, काका. गाडी घेतली तेव्हापासून पावणेचार वाजलेत.

बॉडीफिटर_काका

मग रविवारी गाडी घेऊन या. फ्यूजच गेला असणार. चहा मात्र तुमच्या ओट्यावरचा.