नवी टर्बो गाडी, वर्कशॉपमधून दरवेळी आणखी बिघडून येते. काय करावं?

टर्बो_एमएच०९

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गाडी नवीन, २ लिटर टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक, ऑन रोड ४० लाखांच्या पुढं गेली. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे आणि उगाच बदनामीची नोटीस नकोय. रनिंग-इन नीट केलंय, रीमॅप (पॉवर वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं) वगैरे काही नाही, एअर फिल्टरसुद्धा कंपनीचाच आहे. तर झालं असं की पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला पाय दाबला की गाडी एकदम ढेपाळते, चेक इंजिन लाईट लागते, थेट लिंप मोड (इंजिन स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतं तो), आणि मागनं वडापवाल्यांचे हॉर्न. बंद करून परत चालू केली की जणू काही झालंच नाही. गावात राजारामपुरी ते शाहूपुरी कितीही फिरवा, मलई.

वर्कशॉपला दिली. आधी म्हणाले सॉफ्टवेअर अपडेट केलंय, घेऊन जा. चढ आला की परत तेच. मग सेन्सर गेलाय म्हणून तो बदलला, परत तेच. मग पुढचा बंपर उतरवून टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पाईप बघितले म्हणे, आणि त्यानंतर तर कहरच झाला, बंपर आणि हेडलाईटमधली फट एका बाजूला बोट जाईल एवढी, खालच्या प्लॅस्टिक कव्हरचे स्क्रू गायब, हायवेला लागलं की खालनं फडफड आवाज आणि मूळ दुखणं आहे तिथंच. जॉब कार्डवर काय लिहिलंय तर ‘चेक केलं, ओके आढळलं’. सर्व्हिस ॲडव्हायझर वर तोंड करून म्हणतो सर तुम्ही गाडी जरा जास्तच ओढता. अरे मग एवढी हॉर्सपॉवर काय जोतिबाला नारळ फोडायला जायला घेतली काय.

आता म्हणतायत अजून एकदा सोडा, टर्बो उघडून बघतो. वडील म्हणतायत उघडू देऊ नकोस. उद्यमनगरात ओळखीचा हुशार माणूस आहे, त्याला दाखवू का? आणि गाडीच बदलून मागता येते का?

रंकाळा_रायडर

भावा वडिलांचं ऐक. आणि सरळ उद्यमनगर गाठ मर्दा, तिथली माणसं कास्टिंगला हात लावून सांगतात कुठं चीर आहे, ह्या शोरूमवाल्यांकडं लॅपटॉप सोडून काय नाय. लॅपटॉप म्हणाला बदल की बदलायचं, झालं.

स्पॅनर_शिरोली

रायडर, उद्यमनगरच्या हुशारीबद्दल वादच नाही, मी स्वतः तिथंच शिकलोय, पण वॉरंटीतल्या गाडीला बाहेरच्या माणसानं पाना लावला की उद्या हेच लोक म्हणणार ‘बाहेर उघडलेली आहे’. बघायला ने, विचारायला ने, बोल्टाला हात लावू देऊ नको.

आता मूळ दुखणं. चढालाच, पूर्ण पाय दाबल्यावर, मग लिंप मोड, ही लक्षणं अंडरबूस्टची आहेत, बिघाडाचा कोड पी०२९९ असणार. म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं टर्बोकडं जेवढा बूस्ट (हवेचा दाब) मागितला तेवढा मिळाला नाही. कारणं बरीच असतात, पाईपची गळती, वेस्टगेटचा ॲक्चुएटर, डायव्हर्टर व्हॉल्व्ह, बूस्ट कंट्रोलचा सोलेनॉइड, सेन्सर. पण नव्या गाडीत मी आधी पाईपच्या जॉइंटवर संशय घेईन. इंटरकूलरच्या पाईपला क्लिप असते आणि आत रबरी सील, सील बसवताना दुमडलं किंवा क्लिप पूर्ण आत गेली नाही तर बाहेरनं सगळं जाग्यावर दिसतं. गाडी उभी असताना त्या पाईपमध्ये दाबच नसतो, त्यामुळं वर्कशॉपात बॉनेट उघडून कितीही कान लावा, साबणाचं पाणी मारा, काही सापडणार नाही. दाब येतो चढाला. म्हणून तुला घाटात त्रास आणि त्यांना ‘ओके आढळलं’. दोघंही आपापल्या जागी खरं बोलताय 😄

ह्याला प्रेशर टेस्ट करावी लागते, इनटेक बंद करून आत साधारण १ बार हवा भरायची आणि जॉइंट तपासायचे. नुसत्या धुराच्या टेस्टवर जाऊ नको, त्यात दाब फारच कमी असतो, जी गळती जोर आल्यावरच उघडते ती त्यात दिसेलच असं नाही. अजून एक खूण म्हणजे गळणाऱ्या जॉइंटभोवती तेलकट धुळीचं कडं धरतं, कारण इंजिनची वाफ थोडं तेल घेऊन त्या पाईपातनंच जाते. बंपर काढलेला असताना टॉर्च मारली असती तरी कळलं असतं.

आणि तोपर्यंत गाडी ओढू नको. गळती असेल तर कमी पडलेला बूस्ट भरून काढायला टर्बोला जादा फिरावं लागतं, मग खराब नसलेला टर्बो खराब व्हायचा आणि हेच लोक म्हणायचे बघा, टर्बोच होता.

तांबडा_पांढरा

४० लाखात माझ्या गावाकडं विहिरीसकट रान आलं असतं आणि लिंप मोड पण लागला नसता. चालू द्या.

स्पॅनर_शिरोली

रान पण उसाचं बिल आल्याशिवाय लिंप मोडवरच असतं तात्या.

टर्बो_एमएच०९, एक राहिलं. गाडीतले कोड मोबाईलवर दाखवणारा साधा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घे, फार महाग नसतो. कोड आला की स्क्रीनशॉट काढ, आणि फ्रीझ फ्रेम नावाचा भाग असतो तो नक्की जपून ठेव, कोड पडला त्या क्षणाला आरपीएम किती, लोड किती, स्पीड किती, कूलंट किती गरम हे त्यात असतं. वर्कशॉपनं कोड पुसला की तेही पुसलं जातं. मग तुझ्याकडं काय उरतं, तर नुसतं ‘घाटात दम खाते’, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ॲपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ असाही आकडा मिळतो. गाडी ताब्यात घेतल्या घेतल्या तो बघ. अंतर अगदी किरकोळ असेल आणि बदललेल्या पार्टची नोंद कुठंच नसेल तर कोड पुसून चावी हातात दिलीय एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत तो आकडा शून्यावर येतो, तेही त्यांना विचारून ठेव.

कागद_काका

मी वकील आहे, गाड्यांतलं शून्य कळतं, कागदांतलं थोडं कळतं. पोरा, तुझी खरी अडचण गाडीपेक्षा ते जॉब कार्ड आहे. ‘चेक केलं, ओके आढळलं’ ह्या ओळीखाली तू सही करून गाडी घेतलीस तर उद्या ग्राहक आयोगापुढं ती सहीच ते पुढं करणार. यापुढं गाडी सोडताना तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घ्यायची, ‘चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरला पॉवर जाते, लाईट लागते, कोड अमुक’, किलोमीटर टाकायचे, आणि घेताना दोष तसाच असेल तर सहीच्या वर पेनानं ‘दोष कायम, तक्रार राखून गाडी ताब्यात घेतली’ असं लिहायचं. लिहू देत नाहीत म्हणाले तर तिथंच उभं राहून ईमेल टाक. ॲडव्हायझरशी फोनवर तासभर भांडण्यापेक्षा चार ओळींचा ईमेल बरा, आणि तो शोरूमबरोबर कंपनीच्या कस्टमर केअरलाही.

आता गाडी बदलून मिळण्याचं. अमेरिकेत लेमन लॉ म्हणून प्रकार आहे तसा आपल्याकडं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो, पण गाड्यांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २००६ सालीच म्हटलंय की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून द्यायची अट असेल तर अख्खी गाडी बदला असा आदेश टिकत नाही. त्यामुळं पहिल्याच नोटिशीत ‘नवी गाडी द्या’ एवढंच लिहून बसू नको. निर्मितीतला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, त्याला वेळ जातो. तुझी भक्कम बाजू सेवेतली त्रुटी आहे. बंपरची फट, गायब स्क्रू, तीच तक्रार परत परत, हे सगळं फोटोत आणि त्यांच्याच कागदावर आहे. त्यासाठी कुठल्या इंजिनिअरची गरज नाही.

कंपनी आणि डीलर दोघांनाही पार्टी करायचं, पण कुणी काय केलं ते वेगळं लिहायचं. डीलर म्हणजे आपला एजंट नव्हे, तो स्वतंत्र धंदा करतो, असा बचाव कंपन्या घेतात आणि सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये एका गाडीच्याच प्रकरणात तो मान्यही केलाय.

खर्चाचं म्हणशील तर मोबदला, म्हणजे गाडीला मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २० ते ५० लाखांच्या मध्ये फी १००० रुपये. शोरूम कुठंही असू दे, तू राहतोस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला तक्रार नोंदवून ठेव, कधी कधी तेवढ्यानंच कंपनीचा रिजनल माणूस हलतो. गाडी कुणाच्या नावावर आहे?

टर्बो_एमएच०९

काका तिथंच गोची आहे. आमची फाउंड्री आहे गोकुळ शिरगावला, प्रायव्हेट लिमिटेड, गाडी कंपनीच्या नावावर घेतलीय, सीए म्हणाले घसारा मिळतो. शोरूमचा मॅनेजर परवा बोलता बोलता म्हणालाच, ‘तुम्ही तर कमर्शियल कस्टमर, तुम्हाला ग्राहक कोर्ट लागू नाही’. म्हणजे गेलं का सगळं?

स्पॅनरदादा, डोंगल आणला. कोड तोच, पी०२९९. फ्रीझ फ्रेम पण काढून ठेवली, लोड जवळपास फुल्ल दाखवतोय.

कागद_काका

मॅनेजरला सांग २०२४ चा निकाल वाच म्हणावं. कंपनीनं संचालकाच्या वापरासाठी आलिशान गाडी घेतली होती, त्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसती कंपनीच्या नावावर आहे म्हणून ती व्यावसायिक हेतूची होत नाही. गाडीचा नफा कमावण्याच्या कामाशी थेट संबंध आहे का ते बघायचं. तू काय तिच्यातनं कास्टिंग पोचवतोस का? नाही ना. मग कंपनीचा ठराव कर, कुणाच्या वैयक्तिक वापराला गाडी दिली ते त्यात लिही, आणि तक्रारीवर सही करायचा अधिकार एकाला दे. सीएला म्हणावं लॉगबुकमध्ये उगाच ‘मटेरियल डिलिव्हरी’ लिहू नका, काहीजण पेट्रोलच्या खर्चासाठी ते लिहितात आणि मग तेच अंगाशी येतं.

घाटवाट_गगनबावडा

ह्याच प्रकारातनं गेलोय, दुसरी कंपनी, दुसरं शहर, त्यामुळं थोडं वेगळं सांगतो. काकांचं सगळं बरोबर पण निकाल लागेपर्यंत तुला गाडी चालवायची आहे. मला उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा, कंपनीचा टेक्निकल माणूस आला तेव्हा त्याला बाजूला बसवून, त्याचा लॅपटॉप गाडीला लावून चढावर घेऊन गेलो. वर्कशॉपच्या मागच्या सपाट रस्त्यावर नाही हं, ते नेहमी तिकडंच नेतात. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट अशा दोन रेघा स्क्रीनवर वेगळ्या होताना त्यानं स्वतः बघितल्या, मग ‘जास्त ओढता’ हे वाक्य परत ऐकू आलं नाही. ईमेलमध्ये हेच माग, जॉइंट टेस्ट ड्राइव्ह, डेटा लॉगसकट, वाघबीळच्या चढाला, आणि लॉगची कॉपी. आणि डीलरला विचार की कंपनीच्या टेक्निकल सपोर्टकडं केस ओपन केलीय का, नंबर द्या. बऱ्याच वेळा केलेलीच नसते, आपल्या मनानं पार्ट बदलत बसतात.

आणि गाडी सोडताना डॅशकॅम चालू ठेव. पोरं टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली थंड इंजिनवर रेडलाईन मारतात, नव्या गाडीची हौस सगळ्यांनाच.

रंकाळा_रायडर

डॅशकॅम +१. माझ्या मित्राच्या गाडीत सर्व्हिसला सोडल्यावर भडंगाची पिशवी सापडलेली मागच्या सीटवर, रिकामी.

टर्बो_एमएच०९

अपडेट. काकांच्या सांगण्यानुसार ईमेल टाकला, फ्रीझ फ्रेमचे फोटो जोडले, १९१५ चा तक्रार नंबर पण लिहिला. इतके दिवस फोन न उचलणारे आता स्वतः फोन करतायत, सर सर करत. टर्बो उघडण्याचा विषय त्यांनी स्वतःच मागं घेतला. कंपनीचा माणूस पुण्याहून येणार आहे, चढावर येतो म्हणालाय, त्याआधी माझ्यासमोर प्रेशर टेस्ट करणार. बंपर बदलून नको, नीट बसवून द्या म्हणालो, नवीन रंगवलेला बंपर नकोच मला, शेड कधी जुळत नाही. स्पॅनरदादा, टेस्टच्या वेळी नेमकं काय बघू?

स्पॅनर_शिरोली

बंपरचं बरोबर केलंस. टेस्टला गेज कुठं लावलाय ते बघ, आणि हवा भरणं बंद केल्यावर काटा कसा उतरतो ते बघ. थोडा उतरणारच, इंजिनमधून जातोच, पण झपकन खाली आला तर गळती आहे. गळती सापडली की जुनं सील मागून घे, बाहेर टाकू देऊ नको, दुमडलेलं असेल तर त्यावर स्पष्ट दाब पडलेला असतो, त्याचा फोटो आणि सीलवरचा पार्ट नंबर काकांना लागेल. नवीन सील कोरडं बसवताना दिसले तर थांबव, कंपनीच्या पद्धतीत काय लावायला सांगितलंय ते स्क्रीनवर दाखवा म्हण. आणि शेवटी खालच्या कव्हरचे स्क्रू स्वतः मोजून घे, खाली वाकायला लाजू नको.