विषय: ईस्टरमध्ये नॉर्वे, पहिल्यांदाच स्कीइंग आणि सोबत सासूबाई

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार,

ईस्टरच्या शालेय सुट्टीत आम्ही पाचजण, म्हणजे आम्ही दोघे, ७ व ११ वर्षांची मुले आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई, नॉर्वेला जाण्याचा विचार करीत आहोत. आमच्यापैकी कोणीही आजवर पायात स्की बांधलेल्या नाहीत. उतारावरचे स्कीइंग शिकावे की सपाटीवरचे, आणि सासूबाईंना दिवसभर खोलीत बसून राहावे लागणार नाही असे ठिकाण कोणते, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
रेडिंगची एक सभासद

*

ताई, स. न. वि. वि.

माझे मत विचाराल तर यायलूला जावे. (Geilo हे स्पेलिंग पाहून आपण 'गाइलो' म्हणतो आणि मग तिकीट तपासनिसाला ते कळत नाही.) १९०९ साली सुरू झालेल्या ऑस्लो-बर्गन रेल्वेमार्गावरचे हे गाव ऑस्लोहून सुमारे साडेतीन तासांवर आहे, त्यामुळे बर्फाळ घाटात भाड्याची मोटार चालवण्याचे धाडस करावे लागत नाही. सासूबाईंसाठी तर ही गाडी हाच मोठा आधार आहे. त्याच मार्गावर पुढे १२२२ मीटर उंचीवर फिन्से हे स्थानक लागते. तेथे मोटाररस्ता पोहोचतच नाही, आणि फलाटावरून चार पावले गेले की दृष्टी पोहोचेल तिथवर बर्फाचे पठार दिसते. सकाळी जाऊन दुपारच्या गाडीने परत येता येते.

स्कीइंग मात्र सपाटीवरचे, म्हणजे नॉर्वेजियन ज्याला 'लांगरेन' म्हणतात, ते निवडावे. त्यात बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला जोडलेला असतो आणि टाच मोकळी राहते, म्हणून चालता येणाऱ्याला अर्ध्या दिवसात यंत्राने पाडलेल्या चाकोरीतून पुढे सरकता येते. भाड्याने घेताना तळाला केसाळ पट्टी असलेल्या स्की मागाव्यात. ती पट्टी मागे घसरू देत नाही आणि मेण लावण्याची कटकट वाचते. कपडे आतून लोकरीचे असावेत. पहिल्या वर्षी मी सुती बनियन घालून गेलो आणि घामाने भिजल्यावर तासाभरात असा कुडकुडलो, की उरलेला दिवस कॅफेत शेगडीजवळ काढला.

ईस्टरचा आठवडा शक्यतो टाळावा. त्या वेळी सारा नॉर्वे संत्री आणि चॉकलेट घेऊन आपापल्या डोंगरातील लाकडी घरांत जातो, जागा मिळत नाही, आणि गुरुवार, शुक्रवार व सोमवार या सार्वजनिक सुट्ट्यांना बहुतेक दुकाने बंद असतात. आपल्या मुलांना दोन आठवडे सुट्टी असेल, तर दुसरा आठवडा घ्यावा. पठारावरचे हवामान तासाभरात पालटते. तेथील 'डोंगरी शहाणपणा'च्या नऊ नियमांपैकी आठवा 'वेळीच मागे फिरा, त्यात लाज नाही' असा आहे, आणि आपण नवखे असल्यामुळे तो सर्वांत आधी पाठ करावा.

कळावे,
क्रॉयडनचे एक काका

*

काकांशी बव्हंशी सहमत आहे, पण ११ वर्षांचे मूल तीन दिवस सपाटीवर रमेल असे मला वाटत नाही. यायलूमध्ये दोन्ही प्रकार असल्याने मुलांना दोन सकाळी उतारावरच्या स्की-शाळेत पाठवावे आणि हिरव्या खुणेच्या, म्हणजे सर्वांत सोप्या उतारावरच ठेवावे. हेल्मेट आवश्यक समजावे.

सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय असल्यास ब्रिटनच्या व्हिसावर नॉर्वेत प्रवेश मिळत नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा, वेगळा काढावा लागतो, म्हणून तिकिटांच्या आधी त्याची भेटीची वेळ घ्यावी. त्यांच्यासाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे अवश्य घ्यावेत, कारण ईस्टरच्या सुमारास गावातला बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री पुन्हा काचेसारखा गोठतो. आमच्याकडे एक जोड आहे. हवा असल्यास गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येईन.

आपली,
हॅरोची एक सभासद