अंगणवाडीच्या भिंतीलगत थिमेट, शनिवारी वर्गात फवारा: याला काही नियम आहे का?

कोरडवाहू (घाटंजी)

नमस्कार मंडळी. पाच एकर कोरडवाहूत पऱ्हाटी (म्हणजे कापूस) आणि तूर घेणारा माणूस आहे मी. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत, लहाना त्याच आवारातल्या अंगणवाडीत. औंदा मिटिंगला उशिरा पोचलो, तेवढ्यात लोकांनी मला शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष करून ठेवलं होतं. म्हणून हे माझ्या गळ्यात.

आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटाला उघडते, तोवर खोल्या बंद. परवा साफसफाईला कुलपं काढली तर तिसरीच्या वर्गाच्या चौकटीला उधई (वाळवी), पोषण आहाराच्या खोलीत उंदराच्या लेंड्या, उरलेल्या तांदळात सोंडे. मागच्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या पायरीवर मण्यार जातीचा साप निघाला होता, ती भीती अजून गावाच्या मनातून गेलेली नाही.

मग जो तो तज्ज्ञ झाला. एका सदस्यानं घरचं उरलेलं थिमेट, म्हणजे शेतीचं दाणेदार विष, आणून अंगणवाडीच्या भिंतीलगत रांगोळीसारखं ओढलं. तांदळात टाकायला मास्तर कृषी केंद्रातून गोळ्या आणणार. उधईला क्लोरपायरीफॉस, तेही शेतीचंच कीटकनाशक. मैदानातलं गाजरगवत तणनाशकानं जाळायचं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे येत्या शनिवारी ग्रामपंचायतीचा माणूस बॅटरी पंप घेऊन साऱ्या खोल्यांत फवारा मारणार. कोणतं औषध विचारलं तर म्हणे, "पऱ्हाटीवर मारतो तेच, पण पातळ करून." सोमवारी पोट्टे वर्गात.

मी स्वतः वावरात औषध मारतो, त्यामुळं औषधाच्या नावानं बोंब मारणाऱ्यातला नाही. पण 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं दवाखान्यात गेली, काही परत आली नाहीत. ती मोठी, कामाची माणसं होती आणि उघड्या वावरात होती. इथं बंद खोली, फरशीवर बसणारं लेकरू, आणि फरशीवर टेकलेल्या हातानंच भात खाणारं. हे मिटिंगमध्ये बोललो तर एकजण म्हणाला, "अध्यक्ष, आपण डीडीटीच्या फवाऱ्यात खेळून मोठे झालो, काय झालं?" त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं आलो.

शाळेत, अंगणवाडीत कोणी काय मारावं याला कायदा आहे का? अर्ज कोणाकडं करायचा, गटशिक्षणाधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी की कृषीवाले? समितीच्या ठरावाला काही वजन असतं का? शहरातल्या मंडळींना हात जोडून विनंती, "पेस्ट कंट्रोल कंपनी बोलवा" एवढंच लिहून जाऊ नका. शाळेच्या खात्यात खडूपुरते पैसे आहेत.

जुना कृषी सहायक (वर्धा)

भाऊ, आधी थिमेट. बाकी सगळं नंतर.

थिमेट म्हणजे दाणेदार फोरेट. त्याच्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. तुमच्या सदस्याकडं आहे ते एकतर तेव्हाचं उरलेलं, नाहीतर कोणीतरी मागच्या दारानं विकलेलं. पुडा सापडला तर त्यावरचा विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण बघा, लाल असेल. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि शेवटी हिरवा. साप त्यानं हटत नाही. कोंबड्या मरतात, कुत्री मरतात. पाऊस पडला की ते विरघळून मातीत उतरतं आणि मातीत कोण खेळतं ते तुम्हाला ठाऊक. पोरांना तिकडं फिरकू देऊ नका. हातमोजे, बूट घालून, तोंड बांधून वरची माती फावड्यानं खरवडा, जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरून कुलपात ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा. जाळू नका, पाण्यानं धुऊन नालीत सोडू नका.

आता कायदा. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम. त्यात शाळा-अंगणवाडीसाठी वेगळं कलम नाही. नोंदणी, परवाना, विक्री, लेबल, सगळा भर तिकडं. पण एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. घरच्या वापराला, परसबागेला आणि स्वतः कसत असलेल्या जमिनीला कलम 38 नं सूट दिलेली आहे. शाळा सरपंचांचं घर नाही आणि वावरही नाही. ती सूट तिथं लागू होत नाही, हे मिटिंगमध्ये शांतपणे वाचून दाखवा. कीड नियंत्रणाचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, त्यासाठी कृषी पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञान पदवी, वर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. पंपवाल्या भावाकडं त्यातलं काही नसणार. पऱ्हाटीच्या औषधाच्या लेबलवर पीक, कीड, एकराला किती, सगळं छापलेलं असतं, वर्गखोली कुठंच छापलेली नसते. पातळ करून मारायचं म्हणजे किती पातळ, हे कोण सांगणार?

तांदळातल्या गोळ्यांचं नाव काढलं आणि मला घाम फुटला. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, 3 ग्रॅमच्या एका गोळीतून 1 ग्रॅम. त्याला उतारा नाही. गोदामात धुरी देणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठीच त्या आहेत, दुकानातून कोणालाही सुट्या विकायच्या नाहीत. तुमची पोषण आहाराची खोली वर्गाला लागून असेल, मधे एखादी खिडकी किंवा पत्र्याखालची फट असेल. मास्तरांना आजच फोन करा.

गाजरगवतासाठी तणनाशक म्हणजे बहुतेक ग्लायफोसेट. केंद्रानं ऑक्टोबर 2022 मध्ये आदेश काढला की ते फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं. वावरात त्याचं काय चालतं ते मी बोलत नाही, पण शाळेच्या मैदानात काहून पाहिजे? फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून. त्याची खाज वाईट.

कोथरूडकर

इतकं घाबरायचं कारण नाही. आमच्या सोसायटीत हर्बल पेस्ट कंट्रोल होतं, अजिबात वास येत नाही, मुलं घरातच असतात. तालुक्याला चौकशी करा, मिळेल.

कोरडवाहू (घाटंजी)

सर, वास नाही म्हणून विष नाही असं नसतं. "हर्बल" असं तोंडी सांगणाऱ्यालाही आम्ही बाटली दाखव म्हणणारच. आणि तालुक्याला काय मिळतं ते तालुक्यात राहून बघा एकदा, जेवायला या.

मदतनीस ते सेविका (दर्यापूर)

दादा, मी अंगणवाडी चालवते, म्हणून आमची बाजू सांगते. सरपंच साहेब पंप घेऊन दारात आले तर आम्ही नाही म्हणू शकत नाही. मानधनावरची बाई आणि गावातच राहायचं. पण "साहेब, कोणतं औषध ते एवढं लिहून द्या, पर्यवेक्षिका मॅडमला पाठवायचं आहे" म्हटलं की माणूस थांबतो. लेखी मागणं हे आमचं एकच हत्यार, आणि ते चालतं.

एक लक्षात घ्या. तुमची समिती शाळेची आहे. अंगणवाडी महिला व बालविकासकडं, आवार एक असलं तरी खातं वेगळं. शाळेसाठी समितीचा ठराव करा, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र द्या. दोन्ही ग्रामसभेत घेतलं तर उत्तमच, मग ग्रामपंचायतीचा पंप पण त्यात बांधला जातो.

फवाऱ्याशिवाय कसं भागतं ते सांगते. साप उंदरामागं येतो, उंदीर सांडलेल्या दाण्यामागं. आमच्या मागच्या भिंतीला टेकून चुलीचं सरपण आणि बांधकामाच्या उरलेल्या विटा होत्या, त्या हलवल्या. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली, नालीच्या तोंडाला जाळी लावली, भिंतीतली बिळं सिमेंट आणि काचेच्या चुऱ्यानं बुजवली. साप दिसलाच तर सर्पमित्राचा नंबर दारामागं लिहिलेला आहे. तांदळाची चुंगडी जमिनीवर ठेवायची नाही, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून. जुना माल आधी संपवायचा, नवा मागं. सुट्टी लागायच्या आधी साठा मोजून ज्यादा असेल तर केंद्रप्रमुखांना कळवा, म्हणजे उन्हाळाभर तो पडून राहणार नाही. सोंडे झालेला तांदूळ चाळून, निवडून, धुऊन शिजवतात. कुबट वास असेल किंवा जाळी धरली असेल तर पंचनामा करून बाजूला काढायचा, पोरांना घालायचा नाही.

आणि औषधाचा रिकामा डबा आहाराच्या खोलीत कधीच दिसता कामा नये, धुतलेला पण नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात 2013 साली शाळेतलं जेवण खाऊन 23 लेकरं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस, म्हणजे पिकावर मारायचं कीटकनाशक, होतं. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगितलं होतं तेव्हा पूर्ण हॉल गप झाला होता. आपल्याकडं मोनोचा डबा कोणाच्या घरी नव्हता सांगा.

पीएचसीतला डॉक्टर

वरचं सगळं योग्य आहे, मी फक्त दवाखान्याच्या दारातून लिहितो. आमच्याकडे विषबाधेचं मूल येतं तेव्हा पालक "औषध होतं" एवढंच सांगतात. कोणतं, ते माहीत नसतं आणि त्यात वेळ जातो. ऑरगॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक असेल (थिमेट, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस हे सगळे त्यातलेच) तर लाळ, घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर, डोळ्याची बाहुली अगदी बारीक. याला ॲट्रोपिन हा उतारा आहे आणि ते लवकर मिळालं पाहिजे. सायपरमेथ्रिन या दुसऱ्या कीटकनाशकाच्या गटातलं असेल तर त्वचेला चुणचुण, आग, शिंका, आणि उपचार वेगळे. म्हणून शाळेत काहीही वापरलं तरी डबा किंवा लेबलचा फोटो जपून ठेवा.

अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्यानं भरपूर धुवा. पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी, दूध काही देऊ नका. शेतीच्या बऱ्याच औषधांत रॉकेलच्या जातीचं द्रावक असतं, उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरलं की दुसरंच संकट. 108 लावा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालू असतं, 1800 116 117, फोन फुकट.

डीडीटीवाल्या गृहस्थांना सांगा की मुलाचं वजन कमी, पण किलोमागे श्वास मोठ्यांपेक्षा जास्त. त्यात तोंडात हात. तेवढ्याच फवाऱ्याचा डोस त्याला जास्त बसतो. आणि दर वेळी परिणाम त्याच दिवशी दिसतो असंही नाही.

अकोल्याची, सध्या सॅन होजे

आमच्याकडचं सांगते, कॉपी करा म्हणून नाही, पण ठरावाला मसुदा मिळेल. कॅलिफोर्नियात 2000 सालचा हेल्दी स्कूल्स ॲक्ट आहे, आधी सरकारी शाळांना होता, 2007 पासून खासगी पाळणाघरांनाही. वर्षाच्या सुरुवातीला शाळा पालकांना लेखी कळवते की यंदा कोणती औषधं वापरणार. ज्याला हवं त्याला प्रत्येक फवारणीआधी 72 तास निरोप. दारावर पाटी फवारणीच्या 24 तास आधी लागते आणि नंतर 72 तास राहते. नोंदी चार वर्षं ठेवायच्या. माझ्या मुलीच्या पाळणाघराच्या दारावर अशी पाटी बघितली तेव्हा मी उगीच घाबरले होते, आत फक्त मुंग्यांसाठी काहीतरी केलं होतं.

गंमत म्हणजे पिंजरा, बंद डबीतलं आमिष किंवा फटीत भरायची जेल वापरली तर पाटीचीही गरज नाही. कायदाच तुम्हाला फवाऱ्याकडून जेलकडे ढकलतो. झुरळांसाठी जेल तुमच्याकडेही किराणा दुकानात मिळते.

आणि ज्या क्लोरपायरीफॉसनं तुम्ही उधई मारणार, ते अमेरिकेत घरगुती वापरातून आणि शाळांतून काढायचं 2000 सालीच ठरलं, कारण मुलंच होती.

कोरडवाहू (घाटंजी)

सगळ्यांचे आभार. मिटिंग झाली.

कलम 38 वाचून दाखवलं तेव्हा सरपंच थोडे तापले, "तू आम्हाला कायदा शिकवतो का बाप्पा" वगैरे. पण ताईंचा मार्ग वापरला: औषधाचं नाव, त्रिकोणाचा रंग आणि सही एवढंच कागदावर द्या म्हटलं. सही कोणी केली नाही, फवारा रद्द झाला. मास्तरांनी गोळ्या आणल्या नव्हत्या, ते ऐकून बरं वाटलं. ज्या सदस्यानं थिमेट टाकलं होतं तो स्वतःच फावडं घेऊन आला. माती पिशव्यांत भरून ग्रामपंचायतीच्या कुलपाच्या कोठीत आहे, कृषी अधिकाऱ्यांना पत्र दिलंय, पोच घेतलीय. ते कधी नेतात ते बघू.

ठराव असा झाला की शेतीचं कोणतंही औषध शाळेच्या आवारात आणायचं नाही, साठवायलाही नाही. अगदी गरज पडलीच तर लेबलवर घर किंवा इमारत लिहिलेलं असेल तेच, तेही मोठ्या सुट्टीत, आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर टाकून आणि दारावर कागद लावून. कोणी, काय, किती मारलं याची नोंद हजेरीपटाच्या कपाटातल्या वहीत. आहाराच्या खोलीत कधीच काही नाही, तिथं उंदराचे पिंजरे. उधईची चौकट काढून लोखंडी बसवायची, खर्च ग्रामपंचायतीकडं मागितलाय, त्यावर मात्र सगळे एकदम गप होते. शेजारच्या वावरवाल्यालाही विनंती केली की शाळा भरली असताना वारा इकडचा असेल तर पंप चालवू नको. तो हो म्हणाला, सप्टेंबरात कळेल.

पंपवाल्या भावाची शनिवारची मजुरी आधीच ठरली होती. तो म्हणाला पंप नाही तर विळा चालवतो. मैदान त्यानंच साफ केलं.

मदतनीस ते सेविका (दर्यापूर)

ठरावाचा फोटो टाका दादा, नावं झाकून. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना दाखवायचा आहे.